बाळाचा रोजचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये झाली. तेव्हापासून चुलत बहिणी, ऑफिसातल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या मित्रांच्या बायका अशा सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. आम्ही चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. माहेर वाईकडे, पण बाळंतपणाला आईच इकडे आली होती. पहिल्या तीन महिन्यांत आमचे जे पैसे गेले त्यातले बरेचसे भीतीपोटी गेले. ऐन वेळी काही कमी पडलं तर? म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. वस्तू उशिरा घ्या, मागून घ्या, जुन्या घ्या. बाळंतिणीचं खाणं, लस आणि डॉक्टर यांत मात्र हात आखडू नका.

बाळ होण्याआधी काय काय आणून ठेवायचं?

फार थोडं. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी नवीन काही आणत नाहीत, आणि पहिलं झबलं मागून आणलेलं, दुसऱ्याच्या धडधाकट लेकराच्या अंगावरून उतरलेलं घालतात. लग्नाआधी मला ही रीत खुळी वाटायची. आता वाटतं, खर्चाच्या बाबतीत याहून शहाणपणाची रीत नाही. जुनं सुती झबलं पन्नास वेळा धुतलेलं असतं. त्याचा रंग जायचा तो गेलेला असतो, खळ निघालेली असते, शिवण मऊ झालेली असते.

दवाखान्याच्या पिशवीत पुढून बांधायची सहा-सात झबली, दोन-तीन टोपडी, दोन डझन लंगोट, आठ-दहा दुपटी, एक मऊ गोधडी आणि मेणकापड एवढं पुरतं. घरी एक मच्छरदाणी. बाकी सगळं बाळ आल्यावर लागेल तसं आणता येतं, दुकानं कुठे पळून जात नाहीत. शिवाय बारशाला बाळंतविडा येतोच, त्यात झबली-टोपडी-कुंची ढिगानं येतात.

मी सातव्या महिन्यात सेल लागला म्हणून सगळ्यात छोट्या मापाच्या डायपरचे दोन मोठे पुडे घेऊन ठेवले होते. लेक जन्मली तीच साडेतीन किलोची. तीन आठवड्यांत मांड्यांवर वळ उठायला लागले आणि दीड पुडा तसाच उरला. तोवर पुडा फोडलेला, त्यामुळे परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता.

लंगोट की डायपर?

दोन्ही, पण हिशेबानं. तान्ह्या बाळाला दिवसरात्र डायपरच घालायचा तर रोज आठ-दहा लागतात. एकाला दहा रुपये धरले तरी दिवसाचे शंभर आणि महिन्याचे तीन हजार. रात्रीला एक आणि बाहेर जाताना एक अशा दोनावर आणलं की महिन्याचे सहाशे होतात. बाळाच्या बाकीच्या कुठल्याच रोजच्या खर्चात एवढी बचत एका फटक्यात होत नाही, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

लंगोट विकत आणायची गरज नाही. आईनं तिची एक जुनी सुती साडी काढली, जर नसलेली, वापरून वापरून विरविरीत झालेली. साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरला थोडा कमी पन्हा. तिनं पन्हा मधोमध फाडला, मग साधारण साठ-साठ सेंटिमीटरवर फाडत गेली. अठरा लंगोट निघाले. कडांना तिनं शिवण घातली नाही, ओल्या अंगाला ती काचते म्हणून. पण सुटलेले दोरे रोज कातरीनं कापायची. ही गोष्ट बारीक वाटेल, पण असा दोरा किंवा आपला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. साडी नसेल तर मलमल घ्या. फलाटीण दुपट्यांना छान, लंगोटाला नको. ती लवकर वाळत नाही.

शीचा लंगोट आधी गार पाण्यात खळबळून घ्यायचा. गरम पाण्यात टाकला की डाग धरतो. मग साध्या साबणानं धुवा, भरपूर पाण्यात पिळा, आणि उन्हात टाका. पिवळे डाग उन्हानं आपोआप फिके होतात. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण लंगोटांना लावू नका. कापड पाणी शोषेनासं होतं.

आता मनातलं सांगते. लंगोट स्वस्त पडतात ते घरातलं कुणीतरी ते धुतं म्हणून. टाके दुखणारी, रात्र रात्र जागणारी बाळंतीणच जर ते धुणार असेल, तर ती बचत नाही. आमच्याकडे पहिले दीड महिने आई आणि नवरा मिळून धुवायचे. त्यानं सकाळी ऑफिसला जायच्या आधी बादली रिकामी करायची असं ठरलं होतं आणि त्यानं ते पाळलं. तुमच्याकडे हात लावणारं कुणी नसेल तर खुशाल डायपर वापरा आणि मनाला लावून घेऊ नका.

पावसाळ्यात लंगोट वाळतच नाहीत. काय करायचं?

आमचं तेच झालं. जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात दोऱ्या, खुर्च्यांच्या पाठीवर लंगोट, आणि घरभर तो दमट वास. अर्धवट ओला लंगोट नेसवला की दोन दिवसांत अंग लाल होतं. आम्ही पंख्याखाली वाळवून शेवटी इस्त्री फिरवायचो. इस्त्रीनं उरलेली ओलही जाते. पावसाळ्यातलं बाळ असेल तर लंगोट दुप्पट ठेवा, म्हणजे चाळीसच्या आसपास, आणि त्या दोन महिन्यांत डायपरचा खर्च थोडा वाढणार हे धरूनच चाला.

डायपरनं पुरळ आलं तर महागडं क्रीम घ्यावं का?

आधी दिवसातून दोन-तीन तास बाळाला मोकळं ठेवून पाहा. मेणकापडावर दुपटं घालून नुसतं निजवायचं. डायपर तीन-चार तासांच्या वर ठेवू नये आणि शी झाली की लगेच काढावा. ओले वाइप्सही घरात लागत नाहीत. कोमट पाणी आणि मऊ फडकं त्याहून चांगलं. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, किंवा जांघेच्या घड्यांत लालभडक होऊन आजूबाजूला बारीक पुटकुळ्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा. ती बुरशी असू शकते आणि तिचं औषध वेगळं असतं.

दूध पुरत नाही असं सगळे म्हणतात. दूधपावडरीचा डबा सुरू करू का?

हा प्रश्न विचारताना समोरची बाई बहुतेक वेळा रडवेली झालेली असते, म्हणून शांतपणे सांगते. मलाही दुसऱ्या रात्री दवाखान्यात एका नर्सबाईंनी सांगितलं होतं, "तुम्हाला दूधच नाही, डबा मागवा." बाळ रडत होतं, मी रडत होते, नवरा औषधाच्या दुकानाकडे निघाला होता. सकाळी बालरोगतज्ज्ञ बाईंनी माझ्याशेजारी बसून पाच मिनिटं समजावलं. पहिल्या दोन दिवसांत येतो तो चीक. तो थोडाच असतो, आणि त्या दिवसांत बाळाचं पोटही एका वेळी चमचाभर मावेल एवढंच असतं. भरभरून दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तेही बाळ जितकं ओढेल तितकं. आपण डबा दिला की बाळ कमी ओढतं, मग दूध खरंच कमी येतं, आणि मग डबा कायमचा लागतो.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा ओलं करतंय का ते मोजा. लंगोट असले की हे लगेच कळतं, डायपरमध्ये अंदाज येत नाही. दुसरी खूण वजनाची. पहिल्या आठवड्यात ते थोडं उतरतं, दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. येत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.

पैशाचा हिशेबही मांडून पाहा. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागतं. तीस मिलिलिटरला एक सपाट मोजमाप, म्हणजे दिवसाला पंचवीस मोजमापं, म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास पावडर. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ डबे लागतात. दुकानातल्या किमतीनं गुणून बघा. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं दोन वर्षांखालच्या मुलांच्या दूधपावडरीची, बाटल्यांची आणि तयार बाळआहाराची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तो कायदा का करावा लागला असेल याचा विचार केला तरी पुष्कळ कळतं.

पण काही आयांना दूध खरंच येत नाही, काहींना औषधं सुरू असतात, काहींचं बाळ वेळेआधी जन्मतं. डॉक्टरांनी डबा सांगितला असेल तर द्या, आणि कुणाचं ऐकून घेऊ नका. फक्त एक गोष्ट कळकळीनं सांगते: डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त कधीही करू नका. पोट भरल्यासारखं दिसतं आणि बाळ उपाशी राहतं. वरचं गाईचं-म्हशीचं दूधही वर्षाच्या आत नको. बाटल्यांऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी) वापरा. ते उकळायला सोपं, त्यात कोपरे नाहीत, आणि एकदा घेतलं की झालं.

बाळ अगदी कमी वजनाचं असेल आणि आईचं दूध नसेल तर मोठ्या रुग्णालयात मातृदुग्धपेढी आहे का ते विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

बाळंतिणीच्या खाण्यावर किती खर्च करावा?

इथे मोजू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी-तूप, वरण, अंडी, दूध. हे सगळं मिळून डब्याच्या दुधापेक्षा स्वस्तच पडतं. मात्र "दूध वाढवणाऱ्या" तयार पावडरींचे महागडे डबे मला गरजेचे वाटले नाहीत. अळिवात लोह भरपूर असतं म्हणून ते खावं. दूध मात्र बाळानं ओढल्यानं वाढतं.

उलट काही घरांत बाळंतिणीला हे नको ते नको करत नुसत्या मऊभातावर ठेवतात, पाणीसुद्धा मोजून देतात. ती काटकसर अंगावर येते. तहान लागेल तेवढं पाणी आणि भूक लागेल तेवढं जेवण तिला मिळालंच पाहिजे.

मालिशवाल्या मावशी लावाव्यात का?

घरात आई-सासूबाई असतील आणि त्यांना झेपत असेल तर बाळाचं मालिश घरीच होतं. आमच्याकडे मावशी महिनाभर यायच्या, त्या माझ्यासाठी. सिझेरियन झालेलं, कंबर धरलेली, आणि आईलाही वयामुळे खाली बसवत नव्हतं. त्यांनी पहिल्या आठवड्यात बाळाला कसं धरायचं, पायांवर कसं पालथं घालायचं ते दाखवलं. पुढे आम्हीच न्हाऊ घालू लागलो. म्हणजे मावशी ठेवल्याच तर पहिला महिना ठेवा आणि शिकून घ्या.

तेल साधं खोबरेल पुरतं. मावशींना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. नाका-कानात तेल घालायचं नाही, आणि बंद खोलीत शेगडीची धुरी द्यायची नाही. धुराचा तान्ह्या छातीला त्रास होतो. शेक हवा असेल तर गरम कपड्यानं आईला द्या.

लस सरकारी दवाखान्यात घ्यावी की खासगी?

सरकारी लस फुकट आहे म्हणून कमी प्रतीची असेल, हा समज मनातून काढून टाका. जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ-बी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाचांवर एकच सुई. सोबत पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब. न्यूमोनियाची पीसीव्ही आता सगळ्या देशात सरकारी कार्यक्रमात आहे. खासगीत तिच्या एका डोसला काही हजार रुपये लागतात. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात, पालिकेच्या दवाखान्यात, ठरलेल्या दिवशी अंगणवाडीतही विनामूल्य मिळतं.

खासगीतली "न दुखणारी" लस म्हणजे जिनं ताप आणि सूज कमी येते ती. तिच्यामुळे संरक्षण जास्त मिळतं असं नाही. आम्ही सरकारी वेळापत्रकातल्या सगळ्या लसी पालिकेच्या दवाखान्यात घेतल्या, आणि फ्लू, टायफॉइड, कांजिण्या यांसारख्या वरच्या लसींपैकी कुठल्या घ्यायच्या ते बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवलं. दोन्हीकडे माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन जा आणि प्रत्येक डोस त्यावर लिहून घ्या. कार्ड हरवलं की नको तो डोस पुन्हा घ्यावा लागतो, नाहीतर हवा तो राहून जातो.

आशाताई घरी येतात त्याचा खरंच उपयोग होतो?

खूप. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी, म्हणजे आपल्या भागाच्या सरकारी आरोग्य स्वयंसेविकेनं, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन, ताप, श्वास पाहायचा असतो. या पद्धतीचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू कमी झाले, १९९९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभर तीच पद्धत घेतली गेली. सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध, जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे विनामूल्य मिळतात. शहरात त्या आपणहून आल्या नाहीत तर जवळच्या पालिका दवाखान्यात आपल्या भागाच्या आशाताई कोण ते विचारून घ्या.

सरकारकडून पैसे कोणते मिळतात?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. उत्पन्नाच्या आणि इतर अटी आहेत, कायम सरकारी नोकरीतल्या बायकांना ती लागू नाही. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताई भरून देतात, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. गरोदरपणाची नोंद वेळेवर केलेली असली की काम सोपं होतं. बऱ्याच जणी बाळ झाल्यावर धावपळ करतात.

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी झाली असेल तर राज्याची लेक लाडकी योजना आहे. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, म्हणजे एकूण १,०१,०००. अर्ज अंगणवाडीतच.

या सगळ्याला जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर शुल्क नाही. नाव ठरलं नसलं तरी नोंद करा, नाव मागाहून घालता येतं.

बाळ आजारी पडलं तर खर्च कसा आवरायचा?

खर्चाकडे पाहून थांबू नका, एवढंच पहिलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, दूध न ओढणं, धाप, अंग थंड पडणं यांतलं काही दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, आईचं जेवण आणि नेण्या-आणण्याची १०२ ची गाडी हे विनामूल्य आहे, आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळालाही तो लागू आहे. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष असतात. खासगीत दाखल करावं लागलं तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला (या योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) विचारा. दाखल करतानाच विचारा, बिल हातात आल्यावर उशीर झालेला असतो.

नोकरीच्या ठिकाणचा विमा असेल तर बाळाचं नाव त्यात किती दिवसांत घालायचं ते बाळ होण्याआधीच मनुष्यबळ विभागाला विचारून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीचं बाळ दहाव्या दिवशी काविळीनं दाखल झालं, नाव घातलेलं नव्हतं, आणि सगळं बिल खिशातून गेलं.

पावडर, लोशन, ग्राइप वॉटर, बाळगुटी, काजळ?

यांतलं काहीच लागत नाही. पावडरीचा भुगा श्वासात जातो. काजळात शिसं असू शकतं. मध वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये, त्यातून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. गुटीचा विषय आमच्याकडे नाजूक होता. आजेसासूबाई सहाण काढून बसल्या होत्या, जायफळ, वेखंड, हळकुंड सगळं मांडलेलं. मी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, जायफळाचं प्रमाण चुकलं तर बाळ सुस्तावतं, हे डॉक्टरांनीच सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून सहाण उचलून ठेवली. त्यांचा मान राहिला आणि बाळाचं पोटही. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र डॉक्टर सांगतील तसे रोज द्या.

सहाव्या महिन्यापासून काय भरवायचं? तयार डबे फार महाग आहेत.

नाचणीसत्त्व घरी करा. किलोभर नाचणी स्वच्छ निवडून दोन-तीन पाण्यानं धुवा, रात्रभर भिजवा, सकाळी निथळून सुती फडक्यात घट्ट बांधा आणि पोटलीवर पाणी शिंपडत राहा. दीड दिवसात पांढरे बारीक मोड डोकावतात. मग सावलीत कडकडीत वाळवा, मंद आचेवर भाजा. आधी कच्चट वास येतो, मग अचानक खमंग सुटतो, तिथे थांबायचं. दळून पातळ फडक्यातून चाळा. चाळताना हातांवर तांबूस पीठ उडतं आणि फडक्यावर कोंडा उरतो. थोडं थोडंच करा, पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढं.

मोड आणल्यानं एक फायदा होतो. खीर पातळ राहते आणि तरी तिच्यात कस असतो, म्हणजे बाळाच्या दोन घासांतही पुरेसं जातं. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशात नाही. चमचाभर पीठ गार पाण्यात कालवून मग शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात. वरून तूप. मीठ-साखर वर्षाच्या आत नको.

नुसत्या नाचणीवरही राहू नका. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, खात असाल तर अंड्याचा बलक. बाळासाठी वेगळं काही शिजवावं लागत नाही. आपल्या वरणातलं फोडणीआधीचं वाटीभर काढून ठेवायचं. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहारही मिळतो, नाव नोंदवा.

कामावर परत गेल्यावर काय?

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन बाळांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा कायद्यानं मिळते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही त्यांनी करायची असते. विचारायला लाजू नका. आमच्या ऑफिसात मी लेखी अर्ज दिल्यावर ती कुठे आहे ते कळलं.

दूध हातानं काढायला शिका, पंप लागेलच असं नाही. स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या भांड्यात काढून ठेवलेलं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये दिवसभर चालतं. गॅसवर गरम करू नका, भांडं कोमट पाण्यात ठेवा.

वॉकर, बाबागाडी, खेळणी?

वॉकर अजिबात घेऊ नका, कुणी दिला तरी वापरू नका. बाळ क्षणात जिन्यापाशी किंवा चुलीपाशी पोचतं, आणि चालायलाही त्यानं लवकर येत नाही. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. बाबागाडी आमच्या गल्लीतल्या फुटपाथवर चार पावलंही चालली नसती. खेळणं म्हणून स्टीलची वाटी, चमचा आणि झाकण पुरेसं होतं. राईची उशीही नको, बाळ सपाट अंथरुणावर उताणं निजलेलं बरं.

बारशाचा खर्च कसा कमी करायचा, लोक काय म्हणतील?

हॉल न घेता घरीच करा. घुगऱ्या, पेढे आणि चहा. आम्ही पस्तीस माणसं बोलावली, पाळण्याला झेंडूच्या माळा घातल्या, नाव ठेवलं. कुणी काही म्हटलं नाही. जवळच्यांनी "काय आणू?" विचारलं तर "काही नको" म्हणू नका, खरं सांगा. माझ्या नणंदेनं डायपरचे पुढच्या मापाचे पुडे आणले, मामानं मुलीच्या नावाच्या सुकन्या समृद्धी खात्यात पहिले पैसे भरले. ते खाते २५० रुपयांतही उघडतं. बिंदल्या-वाळे हवेतच असतील तर घरातले जुने काढा. बारशापुरते घालायचे आणि काढून ठेवायचे, सैल घुंगरू तोंडात जातं.

जुन्या वस्तू घेताना काय बघायचं? आणि परत द्यायच्या का?

कपडे, दुपटी, पाळणा, आंघोळीचं टब, पुस्तकं जुनी चालतात. बाटलीची बुचं, दबलेली गादी आणि अपघातात सापडलेली गाडीतली बाळखुर्ची जुनी घेऊ नका. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना पट्टा आणि हेल्मेट कायद्यानं लागतं, तिथेही पैसे वाचवू नका.

परत द्यायच्या की नाही ते घेतानाच स्पष्ट विचारा. आमचा पाळणा आत्याचा होता, त्यात तिचे दोघं, माझा भाऊ आणि माझी लेक वाढली. आम्ही त्याची दोरी दर वेळी नवी घालतो, कड्या ओढून पाहतो, एखादा खिळा वर आलाय का त्यावरून हात फिरवतो. मागच्या महिन्यात तो वाईला गेला, चुलतभावाच्या घरी. सोबत मी झबल्यांची पिशवी दिली, मापाप्रमाणे वेगवेगळी बांधून, आणि उरलेले दहा-बारा लंगोट. सगळ्यात वर ते मागून आणलेलं पहिलं झबलं ठेवलं होतं. वहिनीला सांगितलं, हे धुऊन ठेव, पुढे कुणाकडे जायचं ते आत्या ठरवेल.